पीएचपीच्या पहिल्या पानाची कुळकथा

वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाचं पीएचपीतलं पहिलं पुरं पान साधारण असं असतं. वर ‘इन्क्लूड’ करून आणलेला मथळा, त्याखाली फॉर्म भरून आला आहे का हे तपासणारा एक ‘इफ’, विद्यार्थ्यांची यादी टेबलात मांडणारा एक ‘फॉरईच’, गुणांवरून श्रेणी काढणारं एक छोटं फंक्शन आणि त्याच्या पोटात एखादा ‘स्विच’. वीस-पंचवीस ओळींचं काम. आपल्याकडे बीसीए, बीएस्सी, पदविका अशा कितीतरी वर्गांतून हे पान वर्षानुवर्षं लिहिलं जातं. पुस्तकात प्रत्येक रचनेची व्याख्या असते, ती लिहायची रीत असते आणि एक उदाहरण असतं. ती तशीच का, हे मात्र नसतं. स्विचमधल्या प्रत्येक केसखाली ‘ब्रेक’ का लिहायचा? फंक्शनबाहेर ठेवलेलं व्हेरिएबल आत का दिसत नाही? एका फंक्शनला आधी मजकूर द्यायचा आणि दुसऱ्याला आधी शोधायची गोष्ट, हा उलटसुलट क्रम आला कुठून? मुलं पाठ करतात, आणि पाठ राहिलं नाही की आपल्याच बुद्धीत काही कमी आहे असं धरून चालतात.

त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं. यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तर्कात सापडतच नाहीत, ती इतिहासात आहेत. त्या पानावरची एकेक रचना कुणीतरी, कुठल्यातरी ठरावीक यंत्रावर, एखादी ठरावीक अडचण सोडवायला बसवलेली आहे. अडचण कधीच संपली, पण तिचे वण रचनेच्या अंगावर राहिले.

सगळ्यांत जुनी आहे ती पुनरावृत्ती. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ-मारी जॅकार्डनं 1804-05 च्या सुमारास मागाला छिद्रांच्या कार्डांची माळ जोडली. कार्डांवरून नक्षी उठायची, आणि माळ गोल फिरली की तीच नक्षी पुन्हा सुरू व्हायची. चार्ल्स बॅबेजनं आपल्या विश्लेषक यंत्रासाठी ही कार्डं उचलली. यंत्र कधी पुरं झालं नाही. पण 1843 मध्ये एडा लव्हलेसनं या यंत्रावरच्या मेनाब्रेआच्या फ्रेंच लेखाच्या अनुवादाला ज्या टिपा जोडल्या, त्यांतल्या शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायची पायरीवार रीत आहे. काही पायऱ्यांचा गट पुन्हा पुन्हा चालवायचा, आणि अशा आवर्तनाच्या पोटात दुसरं आवर्तन असू शकतं, हे तिनं कागदावर नीट मांडलं होतं. लूपच्या आत लूप लिहून पाढ्यांचा तक्ता काढणारा विद्यार्थी तिच्याच विचाराच्या वाटेवर असतो, चालवून पाहायला यंत्र नसताना केलेल्या विचाराच्या.

फंक्शनची कथा मात्र प्रत्यक्ष चालणाऱ्या यंत्राची आहे आणि ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एडसॅक यंत्रावर 6 मे 1949 रोजी पहिला प्रोग्रॅम चालला. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून द्यायचा. महिना-दोन महिन्यांत सगळ्यांच्या लक्षात आलं की लोक तेच तेच पुन्हा लिहितात: भागाकार, वर्गमूळ, आकडे छापणं. आणि लिहिताना दर वेळी नव्या चुका करतात. यावर उपाय काढला डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानं. वारंवार लागणारा भाग एकदाच लिहायचा, तपासायचा, त्याची पट्टी कपाटात ठेवायची. ज्याला हवा त्यानं तिची नक्कल आपल्या पट्टीत घालायची. पण हा भाग संपल्यावर परत कुठे जायचं? एकच भाग एका प्रोग्रॅमच्या तीन ठिकाणांहून बोलावला, तर परतीची वाट दर वेळी वेगळी. एडसॅकला ती लक्षात ठेवायची सोय नव्हती. व्हीलरची युक्ती अशी: उडी मारण्याआधी प्रोग्रॅमनं आपण कुठून निघालो ते ॲक्युम्युलेटरमध्ये ठेवायचं. बोलावलेल्या भागाच्या सुरुवातीच्या आज्ञांनी त्यावरून परतीच्या उडीची आज्ञा तयार करायची, आणि ती त्याच भागाच्या शेवटी, राखून ठेवलेल्या जागी लिहून टाकायची. म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःचीच शेवटची ओळ लिहीत होता. हिला आजही ‘व्हीलर उडी’ म्हणतात.

विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी 1951 मध्ये यावर पुस्तक काढलं. प्रोग्रॅमिंगवरच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. तोवर त्यांच्या कपाटात असे ऐंशीहून अधिक तयार भाग, म्हणजे सबरूटीन, जमले होते. आजच्या पानावरचं ‘रिटर्न’ त्या परतीच्या उडीचं वारस आहे आणि ‘इन्क्लूड’ त्या पट्टीच्या नकलेचं. मथळ्याची फाइल एकदा लिहून पन्नास पानांत आणणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगावं. आळस म्हणून नव्हे, चुका कमी व्हाव्यात म्हणून ही सोय जन्मली.

व्हीलरच्या युक्तीत एक अडचण होती. परतीची आज्ञा लिहायला जागा एकच. सबरूटीननं स्वतःलाच पुन्हा बोलावलं, तर पहिला पत्ता पुसला जायचा. ॲलन ट्युरिंगनं 1945-46 च्या सुमारास एसीई यंत्राच्या आराखड्यात याचं उत्तर लिहून ठेवलं होतं. परतीचे पत्ते एकावर एक रचत जायचे, सगळ्यांत वरचा आधी काढायचा. रचण्याच्या आज्ञेला त्यानं ‘पुरणे’ आणि काढण्याच्या आज्ञेला ‘उकरणे’ असं नाव दिलं होतं. पण स्वतःलाच बोलावणारं फंक्शन अल्गोल भाषेत यायला 1960 उजाडावं लागलं. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये ही भाषा ठरवायला युरोप-अमेरिकेतले तेरा जण जमले. अशा आत्मावाहनाला परवानगी द्यावी की नाही यावर एकमत नव्हतं. बैठक संपून लोक घरोघरी गेले, आणि फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमहून आड्रियान व्हान वाइनगार्डन आणि एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी अहवालाचे संपादक पीटर नाउर यांना फोन करून एक वाक्य घालायला सुचवलं. नाउर यांनी ते घातलं. त्या एका वाक्यानं प्रोसीजरला, म्हणजे अल्गोलमधल्या फंक्शनला, स्वतःला बोलावायची मुभा मिळाली. फॅक्टोरियल काढणारं फंक्शन परीक्षेत हमखास विचारतात. त्याला भाषेत रीतसर जागा एका फोनमुळे मिळाली.

आता ‘इफ’. 1957 च्या एप्रिलमध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या चमूनं 704 यंत्रासाठी फोर्ट्रान भाषा बाहेर आणली. तिच्यातला इफ आज ओळखूही येणार नाही. त्यात अट नव्हती. एक आकडेमोड द्यायची आणि तीन ओळींचे क्रमांक लिहायचे: उत्तर ऋण आलं तर पहिल्या ओळीवर जा, शून्य आलं तर दुसऱ्या, धन आलं तर तिसऱ्या. ‘नाहीतर’ असं काही नव्हतं, होत्या फक्त उड्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हे यंत्र आलं, तेव्हा तिथल्या संशोधकांच्या हाती पडलेली भाषाही फोर्ट्रानच. तोवर तिच्यात खरं-खोटं तपासणारा इफ आला होता, तरी ‘एल्स’ अजून नव्हताच.

‘एल्स’च्या मुळाशी बुद्धिबळ आहे. 1957-58 च्या सुमारास जॉन मॅकार्थी फोर्ट्रानमध्ये बुद्धिबळाच्या नियमात बसणाऱ्या खेळी काढणारा प्रोग्रॅम लिहीत होते. तीन उड्यांचा तो इफ त्यांना जाचायला लागला. त्यांनी एक फंक्शन केलं: पहिली किंमत पाहून दुसरी किंवा तिसरी परत करणारं. लिहायला सुटसुटीत, पण फंक्शन असल्यामुळे ते आधी तिन्ही गोष्टी मोजून काढायचं आणि मग एक फेकून द्यायचं. नको ती बाजू मोजायचीच नाही, अशी रचना मॅकार्थींना हवी होती. त्यातून आली खरी अटयुक्त राशी, ‘जर हे तर ते, नाहीतर ते’. ती त्यांनी आपल्या लिस्प भाषेत घेतली आणि अल्गोलच्या मंडळींपुढेही मांडली. अल्गोल 60 मध्ये इफ, देन, एल्स आले आणि तिथून भाषाभाषांत पसरले.

वर्गात इफ हा फंक्शनपेक्षा वेगळा धडा म्हणून येतो. का वेगळा, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. फंक्शनला दिलेल्या सगळ्या गोष्टी आधी मोजल्या जातात. इफ न निवडलेल्या फांदीला हातच लावत नाही. डेटाबेसचं कनेक्शन मिळालं तरच यादी मागवा, हे आपण निर्धास्तपणे लिहू शकतो ते याच फरकामुळे.

उड्यांचा, म्हणजे गोटूचा, वाद सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 1966 मध्ये कोराडो ब्योम आणि ज्युसेपे याकोपिनी यांनी सिद्ध केलं की क्रम, निवड आणि आवर्तन या तीन रचना कोणत्याही आज्ञावलीला पुरतात. मार्च 1968 मध्ये डाइक्स्ट्रांचं गोटूविरुद्धचं प्रसिद्ध पत्र छापून आलं. त्याचं गाजलेलं शीर्षक मात्र त्यांनी नव्हे, संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलेलं होतं. 1974 मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी गोटू कुठे चालेल आणि कुठे नाही, याचा सविस्तर लेख लिहिला. पुढच्या पिढीला इफ, व्हाइल आणि फॉर एवढंच शिकवायचं, हे यानंतर रूढ झालं.

मग सर्व्हरवरच्या पानात ‘ब्रेक’ का लागतो? त्यासाठी केंब्रिजलाच परत यावं लागतं. मार्टिन रिचर्ड्स यांनी 1967 मध्ये बीसीपीएल नावाची छोटी भाषा केली. तिच्यातली अनेक पर्यायांतून निवडायची रचना नुसत्या उडीची होती. जुळणाऱ्या केसपाशी जायचं, आणि तिथून खाली जे असेल ते चालवत सुटायचं. थांबायचं असेल तर वेगळी आज्ञा द्यायची. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांच्या बी भाषेतून हे डेनिस रिची यांच्या सीमध्ये आलं, सीतून पीएचपीत. महिरपी कंसांची वाटही हीच. विद्यार्थी ब्रेक विसरला की ‘अ’ श्रेणीच्या मुलाला ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ तिन्ही छापून येतात. ही चूक विद्यार्थ्याची मानली जाते. माझ्या मते दोष रचनेचा आहे. स्विच दिसतो इफच्या जातीचा आणि वागतो गोटूच्या.

फॉरईचचं मूळ सीमध्ये नाही. सीचा फॉर तीन खणांचा: कुठून सुरू, कुठवर, पुढे कसं. यादीतला एकेक घटक हाती देणारी रचना युनिक्सच्या शेल भाषांत वाढली. बर्कलीत बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या सी-शेलमध्ये फॉरईच होता. याच काळात 1977 मध्ये बेल लॅब्समध्ये ऑक नावाची भाषा झाली. तिच्यात यादीचा खण आकड्यानं नव्हे, शब्दानं उघडता यायचा. 1987 मध्ये आलेल्या पर्ल भाषेत लॅरी वॉल यांनी हे सगळं एकत्र आणलं आणि व्हेरिएबलच्या आधी डॉलरचं चिन्ह लावलं. 1993 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए संस्थेत वेब सर्व्हरनं बाहेरचा प्रोग्रॅम कसा चालवावा याचा करार ठरला, सीजीआय. पर्ल त्या कामाला हाताशीच होती.

सीजीआयचा एक नियम आजही नवशिक्यांना चकवतो. प्रत्येक विनंतीला सर्व्हर एक नवा प्रोग्रॅम सुरू करायचा, तो पान तयार करून द्यायचा आणि संपायचा. त्याच्या पोटातली व्हेरिएबलं त्याच्याबरोबर जायची. पीएचपी पुढे सर्व्हरच्या आत जाऊन बसली तरी हा स्वभाव तसाच राहिला. म्हणून बटण दाबल्यावर मोजणीचं व्हेरिएबल पुन्हा शून्यापासून सुरू होतं. आठवण हवी असेल तर सेशन, कुकी किंवा डेटाबेस. स्वतःच्या संगणकावर सी शिकून आलेल्या मुलाला हे अन्यायकारक वाटतं, कारण त्याचा प्रोग्रॅम तो स्वतः बंद करेपर्यंत जिवंत असायचा.

रास्मुस लेर्डोर्फ यांनी 1994 मध्ये सीत काही छोटे सीजीआय प्रोग्रॅम लिहिले ते आपला वेबवरचा जीवनवृत्तान्त कोण पाहतं हे कळावं म्हणून. 8 जून 1995 रोजी त्यांनी ते ‘पर्सनल होम पेज टूल्स’ म्हणून सगळ्यांना दिले. पीएचपीच्या या सुरुवातीच्या रूपात इफ लिहायचा तो एचटीएमएलच्या टिप्पणीच्या खुणांत, अँगल कंस आणि दोन आडव्या रेघांच्या मध्ये, आणि शेवटी ‘एंडइफ’. म्हणजे पान आधी, प्रोग्रॅम नंतर. या क्रमानं पीएचपीचा स्वभाव ठरला. महिरपी कंसांऐवजी विसर्गासारखं चिन्ह आणि एंडइफ, एंडफॉरईच वापरायची रीत अजून भाषेत आहे आणि एचटीएमएलच्या गर्दीत ती वाचायला खरोखर सोपी पडते. कुठला कंस कुणाचा, हे शोधत बसावं लागत नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेसच्या थीममध्ये लेख दाखवणारा व्हाइल लूप सहसा याच रीतीनं लिहितात, आणि कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला लूप तिथेच पाहिला.

1997 मध्ये हैफाच्या टेक्नियन संस्थेतले विद्यार्थी अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी ऑनलाइन खरेदीचा प्रोग्रॅम करत होते. त्यांना जुनी पीएचपी तोकडी पडली. त्यांनी ती मुळापासून नव्यानं लिहिली, आणि जून 1998 मध्ये पीएचपी 3 आली. फॉरईच आला पीएचपी 4 मध्ये, 2000 साली. तोवर यादी दाखवायला ‘ईच’, ‘लिस्ट’ आणि व्हाइल असा तीन शब्दांचा खटाटोप होता. त्यातलं ‘ईच’ आता भाषेतून काढूनच टाकलं आहे.

फंक्शनांच्या नावांत आणि क्रमांत जो गोंधळ दिसतो, त्याचं कारणही या जन्मात आहे. स्ट्रलेन, स्ट्रसीएमपी ही सीच्या ग्रंथालयातली नावं होती, ती तशीच वर आली. बाकीची वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या सवयीनं जोडली. म्हणून मजकुरात शोधताना आधी मजकूर द्यायचा आणि यादीत शोधताना आधी शोधायची वस्तू. लेर्डोर्फ यांनी स्वतः 2013 मध्ये लिहिलं की अगदी सुरुवातीला फंक्शनं शोधायच्या कोष्टकात नावाची लांबी हाच निकष होता, त्यामुळे लांब्या वेगवेगळ्या याव्यात अशी नावं ठेवली गेली. ‘एचटीएमएलस्पेशलकॅर्स’ हे लांबलचक नाव त्यांतलंच.

व्हेरिएबलच्या दृश्यतेचा निर्णय मात्र विचारपूर्वक घेतलेला आहे. सीमध्ये बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनला आपोआप दिसतं. पीएचपीत ‘ग्लोबल’ असं सांगावं लागतं, कारण एकात एक जोडलेल्या फायलींत चुकून कुणाचं तरी व्हेरिएबल बदलायची भीती मोठी. ही काळजी दुसऱ्या बाजूनं मात्र बराच काळ घेतली गेली नाही. फॉर्ममधली प्रत्येक किंमत आपोआप त्याच नावाचं व्हेरिएबल बनून प्रोग्रॅममध्ये उतरायची. म्हणजे ‘लॉगिन झालं आहे का’ हे तपासणाऱ्या इफमधलं व्हेरिएबल आधी कोरं करायचं राहिलं, तर ब्राउझरच्या पत्त्यात चार अक्षरं जास्त लिहून कुणीही आत शिरू शकायचं. 2002 मध्ये पीएचपी 4.2 आली तेव्हा ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली आणि 2012 च्या 5.4 मध्ये काढून टाकली.

इफची ढिलाईही वेबमुळेच आली. फॉर्ममधून येणारं सगळं मजकूर म्हणून येतं, वयही आणि किंमतही. नवशिक्याला त्रास नको म्हणून पीएचपी तुलना करताना मजकुराचा आकडा करून पाहायची, आणि ज्या मजकुरात आकडाच नाही तो शून्याबरोबर समान ठरायचा. 26 नोव्हेंबर 2020 रोजी आलेल्या पीएचपी 8 नं ही तुलना सुधारली. त्याच आवृत्तीत ‘मॅच’ आला. त्यात ब्रेक नाही, घसरगुंडी नाही, तुलना काटेकोर, एकही पर्याय जुळला नाही तर थेट त्रुटी. आणि तो मॅकार्थींच्या अटयुक्त राशीसारखी किंमत परत करतो. स्विचपेक्षा तो सरस आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

गोटू संपला असंही नाही. 30 जून 2009 रोजी आलेल्या पीएचपी 5.3 मध्ये तो नव्यानं घेतला गेला, लूपच्या किंवा स्विचच्या आत बाहेरून उडी मारायची नाही आणि फंक्शनची सीमा ओलांडायची नाही, या अटींवर.

शिकवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या सत्रात स्विचचा तास घ्याल तेव्हा त्याच पानावर तेच काम मॅचनंही करून दाखवा, आणि ब्रेक कुठून आला ते पाच मिनिटं सांगा. फंक्शनच्या तासाला फळ्यावर व्हीलरची उडी काढा. तिला चार चौकोन आणि दोन बाण पुरतात.